तांबडी माती, काळी माती : हिवाळ्यातल्या लहान चित्रांच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आजपासून महाशिवरात्रीपर्यंत सकाळी एक लहान चित्र. जलरंगात. कागद सुती, ३०० जीएसएम, फार खरबरीत नाही आणि अगदी गुळगुळीतही नाही असा. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा. लांबीत चार आणि रुंदीत चार भाग केले की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे पडतात, काही वाया जात नाही. कात्री लावली नाही. घडी घातली, घडीवरून चमच्याची पाठ फिरवली आणि फाडले. फाटलेल्या कडेला कागदाचे तंतू दिसतात, ते मला आवडतात.

एवढाच आकार का, तर आमच्या घरचे माग आठ वाजता सुरू होतात. एकदा खडखडाट सुरू झाला की कांड्या भरणं, सुताचा हिशेब, येणारी-जाणारी माणसं. त्याआधीचा पावणेसात ते पावणेआठ हा वेळ माझा. तेवढ्या वेळात अर्धा ताव रंगवायला घेतला तर हात नुसता पळत राहतो. लहान तुकड्यावर निम्मा वेळ बघण्यात घालवता येतो, आणि मला बघण्याचीच जास्त हौस आहे.

विषय बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या शिवारापासून सुरू करून जमेल तेवढा जिल्ह्यातला हिवाळा. आमच्याकडची चित्रं बघितली तर बहुतेक पावसाळ्यातली असतात: पोपटी भात, जांबोटीचं जंगल, काळे ढग. भात कापून नेलं की शिवारात बघण्यासारखं काही उरलं नाही असं लोक धरून चालतात. मला तेच काढायचं आहे, भात नेल्यानंतरचं रान.

पेटीत अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो, क्रिमझन (गडद लाल). ट्यूबमधला हिरवा मुद्दाम घेतला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गच्चीवरून येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाचा डोंगर. धुक्यात नुसती वरची रेघ दिसत होती, तीही मधेच जाई.

हवेत एवढं दव की आकाशाचा पहिला हात वाळता वाळत नाही. धुकं काढताना हे सोयीचं आहे. ओल्या कागदावर डोंगराचा रंग टेकवला की खालची कड आपोआप विरघळते, ब्रशला काही करावं लागत नाही. पण त्याच्या पुढचं नारळाचं झाड टोकदार हवं असेल तर कागद कोरडा पाहिजे. तेव्हा चित्र खाली घेऊन जाते आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असतो त्याच्या बाजूला वीतभर अंतरावर धरते. कागद एकसारखा वाळतो आणि वाकतही नाही. हात शेकले जातात ते वेगळंच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर एकाच गोष्टीवर काम: गडद, मधला, उजळ. रंग लावण्याआधी पेन्सिलीने कोपऱ्यात आगपेटीएवढी चौकट आखते आणि त्यात फक्त तीन छटा भरते. त्या चौकटीत चित्र उभं राहत नसेल तर रंगातही राहत नाही. चित्र झाल्यावर मोबाईलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघते. रंगात छान वाटणारी दोन शेतं काळ्या-पांढऱ्यात एक होऊन जातात, तेव्हा कुठे काय गडद करायचं ते लगेच कळतं.

सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. आत्यांचं आयुष्य सुतात गेलं. सुताची छटा त्या कधीच घरातल्या ट्यूबलाइटखाली ठरवत नाहीत. लड घेऊन उंबऱ्यात येतात, दोन बोटांना चार वेढे देतात, उजेडाकडे धरतात, मग उलट्या बाजूने धरतात. आज माझं चित्रही तसंच उंबऱ्यात नेऊन बघितलं. म्हणाल्या, "डोंगर निळा नाही गं. राखी आहे, त्याच्यावर निळ्याची झाक आहे." मग गच्चीवर जाऊन पुन्हा बघितलं. खरंच राखी. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना जरा जास्त पडला की तो राखी मिळतो, आणि निळा नंतर वरून पातळ द्यायचा.

बेळगावात ज्यानं ब्रश धरला त्याला चित्रकार के. बी. कुलकर्णींचं नाव माहीत असतंच. चित्रकार रवी परांजपे (जन्म १९३५, बेळगाव) त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मी ड्रॉइंगची लोअर आणि हायर दिली तेव्हा आमचे सर केबींच्या व्यक्तिचित्रांबद्दल तास संपला तरी बोलत राहायचे. चेहऱ्यावरचा उजेड कसा बघायचा ते त्या बोलण्यातून कानावर पडलं. शेताच्या बांधावरचा उजेडही त्याच रीतीने बघता येतो, हे आता इतक्या वर्षांनी हाताला कळतंय.

७ डिसेंबर, शनिवार

बळ्ळारी नाल्याच्या अंगाला, बांधावर बसून. भात कापून नेलेलं. लांबून बघितलं तर सगळं एक मातकट पट्टा.

जवळ बसल्यावर तसं राहत नाही. धसकटाचा बुंधा चार बोटं अजून पिवळट हिरवा आहे. त्याच्यावर गवती पिवळा, आणि जिथं विळा लागला तिथं टोक करडं. दोन धसकटांमधली माती ओली, जवळजवळ जांभळी. जिथं वाळली आहे तिथं फिकी. त्यावर सकाळचं कोवळं ऊन तिरकं येतं, म्हणून प्रत्येक धसकटाला स्वतःची सावली आहे. सगळी धसकटं काढायला गेलं तर चित्र मरतं. पुढच्या दोन ओळी नीट काढल्या, मागे नुसते कोरड्या ब्रशचे फटकारे.

एक काका बैल घेऊन चालले होते, थांबले.

"काय काढूलालीस गं बाई?"

"रान काढते, काका."

"रानात काय ऱ्हायलंय आता? भात तर नेलं की."

थोडा वेळ बघत उभे राहिले. मग खाली वाकले, धसकटं बोटांनी बाजूला केली. मसूर उगवला होता. बारीक, जोडीजोडीची पानं, निळसर हिरवी. भाताच्या ओलीवरच मसूर, हरभरा, वाटाणा येतो इथं, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. "हे घाल की मग," म्हणाले आणि बैल हाकत गेले.

घातला. तो निळसर हिरवा ऑकर आणि अल्ट्रामरीनचा, लिंबू पिवळा नावापुरता. चित्रात सगळीकडे तपकिरी आणि पायाशी ते चार ठिपके. आतापर्यंतच्या चित्रांत हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

१५ डिसेंबर, रविवार

खानापूर. सकाळच्या बसने. काल दत्तजयंती होती, बसमध्ये अजून नारळ-उदबत्तीचा वास.

असोग्याला मलप्रभेच्या काठी बसले. नदी इथून वर, कणकुंबीला उगम पावते. इथं अजून लहान आहे, खडकांतून वाट काढत जाते. पाणी तळापर्यंत दिसतं, म्हणून पाण्याचा रंग म्हणजे तळातल्या दगडांचाच रंग, जरा ओला आणि जरा हिरवट. मधल्या खडकांच्या सावल्यांत मात्र पाणी काळं दिसतं.

खानापूर भागातल्या मातीची कौलं आणि भांडी सगळीकडे जातात. नवं कौल केशरी, चार-पाच पावसाळे खाल्लेलं विटकरी, आणि जुन्या घरावरचं शेवाळलेलं काळं. एकाच छपरावर तिन्ही दिसतात, कारण फुटलेलं तेवढंच कौल बदलतात. ते छप्पर काढताना बर्न्ट सिएनाची ट्यूब पिळत होते आणि समोर रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत तोच रंग, त्याहून जिवंत, उघडा पडलेला. ट्यूबमधला रंगही मुळात मातीचाच, कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या. मग इथली का नको?

दरडीतली तांबडी माती एक पिशवी घेतली. ओढ्याच्या कडेला पिवळी माती मिळाली, तीही घेतली. जांभ्याचे चार खडे.

१९ डिसेंबर, गुरुवार

मातीचा रंग कसा केला ते सविस्तर लिहून ठेवते.

माती बादलीत भिजवली, ढवळली. अर्धा मिनिट थांबायचं, तेवढ्यात वाळू आणि खडे तळाला जातात. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. हे तीन-चारदा. शेवटच्या भांड्यात रात्रभर ठेवलं की सगळ्यात बारीक गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. पाणी हलक्या हाताने काढून टाकलं, गाळ ताटात पसरून उन्हात वाळवला. वाळल्यावर खलात कुटून मलमलीतून गाळला. कुंकवासारखी बारीक पूड झाली.

पिवळी माती निम्मी तशीच ठेवली, निम्मी जुन्या लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर भाजली. मातीतल्या पिवळ्या लोहसंयुगात पाणी धरलेलं असतं. आच लागली की ते पाणी निघून जातं आणि पिवळं तांबडं होतं. रंगाच्या दुकानात रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना अशा दोन ट्यूब मिळतात, त्यांच्यातला फरक हाच. तव्यावर आधी मोहरीच्या पिठाचा रंग, मग तपकिरी, मग एका बाजूने विटकरी चढू लागला. गरम असताना फार गडद दिसतो, म्हणून घाईने उतरवू नये आणि घाबरूही नये. गार झाल्यावर उजळतो.

बांधायला डिंक. हिवाळ्यात लाडवांसाठी घरात डिंक असतोच, पण धावड्याचा डिंक पाण्यात पूर्ण विरघळत नाही, जेलीसारखा राहतो. बाभळीचा पाहिजे. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून फडक्यातून गाळला. नुसत्या डिंकात केलेला रंग वाळला की तडकतो, म्हणून डिंकपाण्याच्या पाव हिश्शाने मध. बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब.

मग काचेवर पूड आणि डिंकपाणी जवळजवळ सारखं घेऊन, सपाट बुडाच्या काचेच्या पेपरवेटने गोल गोल घोटलं. सुरुवातीला करकर आवाज येतो. तो आवाज हळूहळू थांबतो, हात सुळकन फिरायला लागतो, तेव्हा रंग झाला. पानाच्या चुन्याच्या रिकाम्या डब्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यांत भरला.

कागदावर ओढल्यावर बारीक कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पृष्ठभाग दाणेदार दिसतो. ट्यूबमधल्या सिएनात हे एवढं होत नाही. भिंत, बांध, दरड काढताना हा दाणा फार कामाचा.

टिकतो का ते बघायला एका पट्टीवर सगळे रंग ओढले, क्रिमझनसुद्धा. पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला चिकटवली.

२१ डिसेंबर, शनिवार

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेले. आमच्याकडे सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, पण आज तो माथ्यावर नसतोच, दक्षिणेला चांगला कललेला असतो. दहा फुटांच्या काठीची सावली भर दुपारी आठ फुटांहून जास्त पडते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात याच गच्चीवर काठीची सावली पायाशी नाहीशी होते.

चित्रासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. उन्हाळ्यात सकाळ आणि संध्याकाळ सोडली तर वस्तू चपट्या दिसतात. हिवाळ्यात दिवसभर प्रत्येक बांधाला, प्रत्येक ढेकळाला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते. तपकिरी रान रिकामं वाटत नाही ते यामुळे.

तांबड्या मातीवरची सावली आज पहिल्यांदा मनासारखी आली. काळा किंवा करडा वापरायचा नाही. आधी खानापूरची तांबडी सगळीकडे, ती पूर्ण वाळू द्यायची, मग सावलीच्या जागी पातळ अल्ट्रामरीन एकाच हाताने. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की खालची माती उठते, कारण घरच्या रंगात डिंक तसा सौम्यच आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

टिळकवाडीत काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्या वेळी पाण्यासाठी ही विहीर खोदली. यंदा शंभर वर्षं झाली म्हणून शहरभर रोषणाई होती. २६ तारखेच्या रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम रद्द झाले.

रोषणाईचं एक चित्र केलं पण त्यात माझं मन नव्हतं. विहिरीच्या दगडावरचं सकाळचं ऊन बरं आलं आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालची, रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमललेलं आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की कमळ हळूहळू पुढे येतं, आणि ते वरून आलेल्या उजेडाने नव्हे, तर जमिनीवर पडलेलं ऊन परतून वर गेल्याने. म्हणजे पाकळ्यांची खालची बाजू उजळ, वरची गडद. रोजच्या सवयीच्या उलट.

आत रंग काढले नाहीत, पेन्सिलीने फक्त कुठे गडद कुठे उजळ ते टिपलं आणि घरी येऊन केलं. सगळं चित्र दोनच रंगांत: भाजलेली माती आणि अल्ट्रामरीन. दोन्ही मिळून जो काळा होतो त्यात ऊब असते, ट्यूबमधल्या काळ्यात नसते.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

भोगीची भाजी निवडायला सूप भरून समोर होतं: हरभऱ्याचे घाटे, वाल, वांगी, गाजरं, बोरं. शेजारी बाजरीच्या भाकरीचे तीळ. आज बाहेर गेले नाही, सूपच काढलं. गाजराच्या लालसाठी क्रिमझन आणि लेमन यलो लागले, मातीच्या लालने ते जमत नाही. वांग्याची चमक म्हणजे कोऱ्या कागदाचा सोडलेला एक तुकडा. तो शेवटपर्यंत जपावा लागतो.

आठ वाजले, माग सुरू झाले, सूप आत गेलं. वाल अर्धेच राहिले आहेत, तसेच राहू देत.

१९ जानेवारी, रविवार

सौंदत्ती. घरच्या सगळ्यांबरोबर यल्लम्माला. दर्शन झाल्यावर ह्यांनी गाडी थांबवली आणि मला अर्धा तास दिला.

खानापुरापासून इथपर्यंत देश किती बदलतो! तिकडे झाडी, जांभा, कौलारू घरं. इकडे लांबपर्यंत मोकळं, सपाट माळदाची म्हणजे मातीच्या छपराची घरं, काळी जमीन आणि तिच्यावर शाळू उभा. कणसं भरत आली आहेत, वरून फिकी, खाली पानं कडेने वाळून कागदी झाली आहेत. मधेच करडईचा काटेरी पट्टा. आकाश फार मोठं. आडव्या कागदावर तीन भाग आकाश आणि एक भाग जमीन ठेवली, तरी जमीनच जड वाटते, इतकी ती काळी.

आणि नदी तीच. असोग्याला खडकांतून जाणारी मलप्रभा इथं नवलतीर्थाच्या धरणात अडवलेली आहे, रेणुकासागर म्हणतात. ज्या पाण्याचा तळ मला महिन्यापूर्वी दिसत होता त्याचा आज दुसरा काठही नीट दिसेना.

शेतकऱ्याला विचारून बांधावरची काळी माती घेतली. "कशाला?" विचारलं त्यांनी कन्नडमध्ये. रंग करायला म्हटल्यावर स्वतःच खुरप्याने खालची, ओली, जास्त काळी काढून दिली.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळचं लिहून ठेवायला हवं: दिवस मोठा व्हायला लागून महिना झाला, पण सूर्य डिसेंबरापेक्षाही उशिरा उगवतोय. सात वाजून गेल्यावर पहिलं ऊन समोरच्या भिंतीवर येतं, डिसेंबरात सातच्या आत येई. जानेवारीच्या शेवटापर्यंत हे असंच राहतं. माझा तास त्यामुळे आखडतो. चित्रातलं आकाश उजाडण्याआधीच करून ठेवते.

काळी माती हट्टी आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच चुन्याच्या डबीत पडल्या, दुसऱ्या दिवशी रंगाचे ढलपे सुटून आले. मध वाढवला तर चिकट राहते. म्हणून ती डबीत भरून ठेवायचीच नाही असं ठरवलं. पूड बरणीत, लागेल तेव्हा चिमूटभर काढून डिंकपाण्यात बोटाने कालवायची.

दुसरं म्हणजे शेतात काळी दिसणारी ही माती कागदावर काळी दिसत नाही. करडी, किंचित हिरवट तपकिरी. मला वाटतं तिचा शेतातला काळेपणा बराचसा ओलीचा आणि शेजारच्या पिवळ्या शाळूचा आहे. चित्रातही तसंच करावं लागतं: शेजारी शाळूचा फिका पिवळा लावला की हा करडा एकदम खाली जातो, जड होतो. अगदीच गडद हवा तिथे करवंटीच्या कोळशाची पूड जराशी मिसळते.

हा करडा आकाशालाही चालतो! पातळ केला की हिवाळ्यातल्या सकाळच्या क्षितिजावरचा धुळकट पट्टा तंतोतंत. तो पट्टा मी दोन महिने ट्यूबमधल्या रंगांत शोधत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

निपाणीला नणंदेकडे. दोन दिवस.

तंबाखू कापून रानातच वाळत घातला आहे. हिरवा, पिवळा, तपकिरी, सगळं एकाच पानावर. शिरेपाशी हिरवा शेवटपर्यंत टिकतो, कड आधी जाते. वास घशाला लागतो. बायका डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधून काम करतात, त्यामुळे चित्रात माणूस म्हणजे एक गुलाबी किंवा पिवळा ठिपका आणि खाली वाकलेली पाठ. लहान चित्रात माणूस एवढाच पुरतो. पाठीचा बाक बरोबर आला की कामाचं ओझं कळतं. त्या बाकासाठी वहीची दोन पानं भरली.

संध्याकाळी वेदगंगेच्या बाजूला एक गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं घालत होते, काहिलीवर वाफ, त्यात मागून ऊन. वाफ काढायला पांढरा रंग लागत नाही. भोवतीचं गडद केलं की कोरा कागदच वाफ होतो. रसाची मळी काढताना काहिलीच्या कडेला जो फेस येतो तो आधी मळकट हिरवा असतो, नंतर सोनेरी. घरच्या पिवळ्या मातीने तो सोनेरी इतका छान आला की चित्र तिथल्या पोरांनी हातोहात फिरवलं.

इथून कोल्हापूर जवळ. चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) तिथं कोटितीर्थाच्या परिसरात उघड्यावर बसून काढत राहिले, तोच तलाव, तीच झाडं, पुन्हा पुन्हा. त्यांच्या निसर्गचित्रांतला संध्याकाळचा उजेड आठवत गुऱ्हाळाचं चित्र केलं. माणसाला एक तळं आयुष्यभर पुरतं, मग मला एक जिल्हा का पुरू नये?

१६ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस एकाच कामात. मलप्रभा, पट्टीवर. कागदाचे तुकडे लांबीने एकाशेजारी एक चिकटवून जोडले. डावीकडे असोग्याचे खडक, उजवीकडे रेणुकासागर. नदीकाठची माती ज्या त्या गावच्याच मातीने रंगवली: डावीकडे दरडीतली तांबडी, उजवीकडे बांधावरची काळी.

अवघड होता तो मधला भाग. जमिनीचा रंग कुठल्या एका जागी बदलत नाही. म्हणून दोन्ही पूड एकत्र घोटून बघितल्या. तांबडीचा हिस्सा कमी करत गेलं तरी बराच वेळ तांबडाच रंग दिसतो, लोह असं जोरकस आहे. काळीचा हिस्सा पाच-सहापट झाल्यावर कुठे रंग विटलेल्या लुगड्याच्या काठावर येतो. आत्यांनी काचेवरचे ते सगळे मिश्रणाचे ठिपके बघितले, मधल्या एकावर बोट ठेवलं. "हे आपलं वडगाव." गच्चीवरच्या कुंडीतली माती आणून शेजारी ठेवली. जवळजवळ तोच रंग.

पाणी मात्र सगळीकडे अल्ट्रामरीनचंच आहे, फक्त डावीकडे पातळ.

खिडकीवरची पट्टी काढली. क्रिमझनचा उघडा भाग झाकलेल्यापेक्षा स्पष्ट फिका झाला आहे. मातीच्या रंगांत, तांबड्या, पिवळ्या, भाजलेल्या, कशातही काडीचा फरक नाही. भोगीच्या सुपातली गाजरं तेवढी उन्हापासून लांब ठेवायला हवीत. बाकीच्यांची काळजी मिटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

कपिलेश्वराला पहाटेपासून रांग. दर्शन घेऊन घरी आले आणि सगळी चित्रं माजघरात जमिनीवर पसरली.

उजेड बदलला आहे. साडेसातलाच ऊन पांढरं होतं, लांबचा डोंगर धुळीत जातो आणि पहिला हात मिनिटभरात वाळतो. धुकं आता या कागदावर यायचं नाही. शिवारात मसूर काढून झाला, हरभराही वाळतोय.

मी तारखेप्रमाणे लावत होते. आत्या खाली बसल्या आणि सुताच्या लडी लावतात तशी छटांप्रमाणे लावू लागल्या. असोगा, कौलांचं छप्पर, मग कमल बस्ती, मग वडगावची धसकटं, गुऱ्हाळ, तंबाखू, शेवटी शाळूचं रान. मला ते त्यांच्याच पद्धतीने ठेवायचं आहे. एकामागून एक बघताना खानापुरापासून सौंदत्तीपर्यंत गेल्यासारखं वाटतं, आणि तपकिरी म्हणून ज्याला हात झटकतात त्यात किती रंग आहेत ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं. लेकीने विचारलं, यातलं सगळ्यात हिरवं कुठलं? आम्ही तिघींनी शोधलं. धसकटांतला मसूर निघाला.

प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने गाव, तारीख आणि कुठली माती ते लिहिलं. मधे बटर पेपर, वर-खाली जाड पुठ्ठा, सगळं सुताच्या कोऱ्या कापडात बांधून कपाटात वरच्या खणात. तिथं ओल येत नाही.

तांबडी अर्धी बरणी शिल्लक आहे, काळी बरीच. पिवळी संपली. ती पुन्हा आणायला पाऊस सुरू होण्याआधी एकदा खानापूरला जायला हवं, नंतर ओढ्याला पाणी येतं. घटप्रभेची बाजू यंदा राहूनच गेली, हिडकल आणि गोकाक. नणंदेचा दीर मार्चमध्ये गोकाकला जाणार आहे. धबधब्याच्या वरच्या अंगाची माती, दोन ओंजळी, वेगवेगळ्या पिशव्यांत आणायला त्याला सांगून ठेवलं आहे.